आडव्या पेशी

१

सकाळी प्रयोगशाळेत शिरलं की चपला दाराबाहेर काढायच्या आणि आधी पंपाला कान लावायचा, ही माझी सवय. पंप दिसायला साधाच होता. तीन रूळ गोल फिरायचे, मऊ नळी दाबत पुढे जायचे आणि नळीतला गुलाबी द्रव ठेक्यात पुढे सरकायचा. तिसरा रूळ थोडा झिजलेला होता, त्यामुळे टक, टक आणि मग एक लंगडा टक. तो लंगडा ठोका ऐकू आला की सगळं ठीक आहे असं समजून मी चहा सांगायची.

आमचा कारखाना सिल्वासाहून खडोलीला जाणाऱ्या रस्त्यावर होता. खाली प्लॅस्टिकच्या नळ्या निघत, सलाइनच्या आणि रक्ताच्या. वर गोदामाशेजारची एक एसी लावलेली खोली शेठनी श्रीकांत सरांना दिली होती. शेठना कृत्रिम रक्तवाहिनी बनवायची होती. सरांचं म्हणणं, नुसती नळी करून भागणार नाही, तिला आतून माणसाच्या पेशींचं अस्तर हवं. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून असं एकपदरी अस्तर असतं आणि वाहतं रक्त त्याला जन्मभर घासत जातं. त्या घासण्याने पेशींचं काय होतं, ते बघणं हे आमचं काम. काचेच्या पट्टीवर पेशी वाढवायच्या, पट्टी चपट्या डबीत बसवायची आणि पंपाने तिच्यावरून रक्ताच्या जोराने द्रव सोडायचा.

द्रव स्थिर असेल तर पेशी फरशीच्या तुकड्यांसारख्या कशाही बसतात. प्रवाह सुरू झाला की एक-दोन दिवसांत लांबट होतात आणि सगळ्याच्या सगळ्या प्रवाहाच्या दिशेने पडतात, विंचरलेल्या केसांसारख्या. हे मी इतक्या वेळा बघितलं होतं की त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाळंतपणाची रजा संपवून १९९२च्या फेब्रुवारीत मी कामावर परत आले. पहिलीच पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि माझ्या कपाळाला आठी पडली. पेशी लांबट झाल्या होत्या, पण प्रवाहाला आडव्या. जरा तिरक्या, पण आडव्याच.

"बारकू, पट्टी उलटी बसवलीस का?"

बारकू आमचा मदतनीस, इथलाच, माझ्याहून बराच मोठा. त्याला असं विचारलेलं मुळीच आवडायचं नाही.

"मॅडम, मी बराबर बसवली. लाल खूण नळीच्या बाजूलाच हाय, तुमीच बघा ना."

खूण नळीच्याच बाजूला होती. तेवढ्यात सर आत आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "ओळखलंत का यांना? तुमच्याच आहेत. म्हणजे तुमच्या मुलीच्या."

"अजून जिवंत?"

"पोलादी आहेत हो. बाकीच्या पाच-सहा वेळा वाढवल्या की थकतात. या थकायचं नावच घेत नाहीत."

मला अभिमान वाटला. शाळेत पोरीचा पहिला नंबर आल्यावर वाटावा तसा. आडव्या का पडल्या, हे बघू नंतर, असं म्हणून मी पट्टी परत लावून टाकली.

२

त्या पेशी तिथे कशा आल्या ते सांगायला हवं.

पेशी मिळायच्या नाळेतून. नाळेच्या आतल्या शिरेचं अस्तर सोडवून घ्यायचं, इतकंच. एरवी नाळ टाकूनच देतात, तेव्हा मागितली तर कोण नाही म्हणेल, अशी सरांची समजूत होती. पण इथे कोणी टाकत नव्हतं. धुळे-नंदुरबारकडून कामाला आलेली माणसं असोत की इथले गाववाले, वार आणि नाळ मडक्यात घालून घरी नेत. ज्या एक-दोन मिळाल्या त्यांना बुरशी लागली. शेठ जिन्यात भेटले की सर भिंतीकडे बघायला लागले. माझे दिवस भरत आले होते. एके दिवशी चहाच्या वेळी मी म्हणाले, "माझीच घ्या की." सर आधी ओशाळले आणि मग खूश झाले. मला काहीतरी फार पुढारलेलं केल्यासारखं वाटलं. माझा नवरा सदाशिव सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याने तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून बाळंतपणाला सासूबाई राजापूरहून आमच्याकडे सामरवरणीला आल्या. आल्या त्या मांडीवर एक छोटं मडकं धरून. एवढ्या लांबच्या प्रवासात त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं.

"आपल्या घरात नाळ न्हाणीच्या दगडाखाली पुरतात," त्या म्हणाल्या. "बाळाचं न्हाणं तिच्यावरून वाहत जायला हवं. मग बाळ त्या जागेला धरून राहतं."

मी सदाशिवकडे बघितलं. तो छताकडे बघून गालात हसत होता.

प्रसूतिगृह एका खासगी डॉक्टरांचं होतं. सायली झाली, धडधाकट, टाहो फोडणारी. दुर्गा सिस्टरने ठरल्याप्रमाणे नाळ सरांच्या बाटलीत घातली आणि बाटली बर्फात गेली. वार बादलीतून केव्हाच गेली होती. मग बाहेरून मडकं आत आलं. सिस्टर ते हातात घेऊन माझ्या कॉटपाशी उभी राहिली.

"मॅडम, आजी दारातच बसल्यात. आता यात काय घालू?"

"कापूस घाला," मी म्हणाले. "ओला करून घाला, वजन लागेल."

तिने कापूस कोंबला, तोंडाला फडकं लावलं, दोऱ्याच्या दोन गाठी मारल्या. आम्ही दोघी हसलो. मला टाके होते, हसताना दुखत होतं, तरी मी हसले. अर्धवट उघड्या दारातून मला दिसलं, सासूबाईंनी ते मडकं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. खोटं बोलल्याची लाज वाटतेच, पण त्या हसण्याची जास्त वाटते. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः खणून ते परसातल्या न्हाणीच्या दगडाखाली पुरलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मला काहीच माहीत नसल्यासारखी मी खिचडी खाल्ली.

३

सायलीला न्हाऊ घालायला कोंडाबाई यायची. नंदुरबारकडची, तिचा मुलगा संजू खडोलीच्या एका कारखान्यात होता. दगडाशेजारी पाटावर बसून, पाय लांब करून ती सायलीला पायांवर घ्यायची आणि पाणी सोडायची. ते पाणी दगडावरून कुंपणाकडे वाहत जायचं. सासूबाई रोज उभ्या राहून ते बघायच्या.

मी कामावर जायला लागून थोडे दिवस झाले असतील. कोंडाबाई म्हणाली, "ताई, हाई पोर एकच बाजूले वळस. मी सरळ निजाडस, मांगे फिरीसन देखस ते पुन्हा तठेच तोंड."

"खेळत असेल."

"खेळस कुठे? तिना जावळ देखा."

मी बघितलं. सायलीचं जावळ सगळं एका बाजूला पडलेलं होतं. एका कुशीवर झोपून पडतं तसं नव्हे, टाळूपासून मानेपर्यंत प्रत्येक केस एकाच दिशेला. मी तेल लावून उलट विंचरलं. स्वयंपाकघरात जाऊन दूध उतरवून येईपर्यंत ते पुन्हा तसंच झालं. मी तिला उचलून पाळण्यात उलटी निजवली. ती रडली नाही, फक्त हळूच मान फिरवली आणि डोळे उघडे ठेवून त्याच भिंतीकडे बघत राहिली. त्या भिंतीपलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे शेतं आणि त्यापलीकडे खडोलीचा रस्ता.

मी मनाशी म्हटलं, आई कामाला जाते त्या बाजूला बघत असेल. इतक्या लहान बाळाला दिशा कळत नाही हे मला चांगलं माहीत होतं, तरी मी असं म्हटलं.

मग तिचे हात गार पडायला लागले. अंग उबदार, आणि बोटं मात्र माठातून काढल्यासारखी. वजन वाढेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"हृदय तसं ठीक आहे. ठोका जरा अडखळतो, इतकंच. दर तिसरा."

सदाशिव म्हणाला, "वाढत्या वयात होतं असं, नाही का?" आणि डॉक्टर म्हणाले, "बघू." माझ्या कानात त्याच वेळी टक, टक आणि एक लंगडा टक चाललं होतं.

४

मी शिकलेली बाई आहे. शंका आली की तपासायचं, हे मला येतं. म्हणून मी तपासलं, पण दार लावून. भोंदूबाबाकडे जाणारी माणसं आजूबाजूला बघून आत शिरतात, तशी मी माझ्याच प्रयोगशाळेचं दार लावून घेत होते.

आधी पट्टी फिरवून बसवली. दोन दिवसांनी पेशी पुन्हा वळून आपल्या जागेवर. मग बारकूला मदतीला घेऊन अख्खं टेबलच फिरवलं, पंपासकट. पेशी पुन्हा वळल्या. प्रवाहाशी त्यांचं काही देणंघेणंच नव्हतं. शेठच्या कॅलेंडरच्या भिंतीकडे त्यांची तोंडं होती आणि त्या भिंतीमागे, सरळ रेषेत, सामरवरणी.

खरं सांगते, पहिल्यांदा मला भरून आलं. लेकीच्या पेशी लेकीकडे बघतायत, असं काहीसं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात दादऱ्याला सदाशिवच्या सहकाऱ्याच्या घरचं लग्न निघालं. मी कामाचं निमित्त सांगून मागे राहिले आणि सगळे सायलीला, तिच्या वरच्या दुधाच्या बाटलीसकट, घेऊन तिकडे राहायला गेले. तिथल्या वनगंगेच्या बागेत काढलेला फोटो अजून आमच्याकडे आहे, त्यात सासूबाई कॅमेऱ्याकडे बघतायत आणि सायलीचं तोंड भलतीकडे. दादरा आमच्या घरापेक्षा अगदी वेगळ्या अंगाला पडतं. पेशी पोरीकडे बघत असतील तर त्या आता तिकडे वळायला हव्या होत्या.

त्या वळल्या नाहीत. लग्न लागलं, जेवणं उरकली, तरी त्या तशाच. कॅलेंडरच्या भिंतीकडे, आमच्या घराकडे. घरी तर कुणीच नव्हतं.

दिवेलागणीला घरी येऊन मी सरळ परसात गेले. दोन दिवस न्हाणं झालेलं नव्हतं. पाट भिंतीला टेकवलेला, बादली पालथी, माती वाळून फुटलेली. दगड मात्र ओला होता. घाम आल्यासारखा, कडेकडेने.

मी वाकले. मुद्दाम काही ठरवून नाही. पंपाला कान लावायची सवय इतक्या दिवसांची, तसाच मी दगडाला कान लावला.

कानात आपलीच नाडी ऐकू येते, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. मनगटावर बोटं ठेवून तीही मोजायला लागले. माझी नाडी सरळ पळत होती, घाबरलेल्या माणसाची पळते तशी. दगडाखालचा ठोका सावकाश होता. टक, टक. आणि तिसरा लंगडा.

५

मंडळी परत आली त्या दिवसापासून मी एकच गोष्ट घोकत होते, सासूबाईंना सांगायचं. दोन वाक्यांचं काम होतं. "आई, मडक्यात नाळ नव्हती. ती कारखान्यात आहे." पुढे त्या काय करायचं ते करतील, ओरडतील, राजापूरला निघून जातील, पण त्यांना काहीतरी माहीत असेल.

एका दुपारी त्या सायलीच्या तळव्यांना तूप चोळत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"आई, ते मडकं..."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "त्या मडक्यावर तर पोर तग धरून आहे. तुझा विश्वास नाही, ठाऊक आहे मला. पण तू अडवलं नाहीस ग मला. दुसरी एखादी शिकलेली असती तर हसली असती."

माझी मान जी खाली गेली ती वर आली नाही. मी उठून कपडे घड्या करायला लागले.

रात्रीच्या जेवणानंतर सदाशिवला सांगून बघितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. "प्रमिला, बाहेर कुणाला हे बोलू नकोस हं," तो म्हणाला. "माझं हसं होईल." वाईट बोलला नाही. मीही तेच बोलले असते.

पंप बंद करून टाकावा असं कितीदा मनात आलं. पण त्या आठवड्यात एका दुपारी लाइट गेली आणि जनरेटर काही केल्या लागेना. रूळ थांबले. नळीतला द्रव थांबायला हवा होता. तो थोडा मागे गेला, थोडा पुढे आला, पुन्हा मागे गेला, कुणीतरी पलीकडून ओढून बघावं तसा. बारकूने ते बघितलं आणि बाहेर जाऊन विडी पेटवली. मी घरी आले तेव्हा कोंडाबाई दारातच उभी होती, पदर तोंडाला लावून.

"ताई, पोर दुपारले निळी पडी गयती. हालेना, चालेना. मंग आपोआप रडाले लागनी."

केव्हा, ते मी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, मोठ्या इस्पितळात दाखवा, लवकर न्या. सदाशिव रजेचा अर्ज लिहायला बसला. मला माहीत होतं की मुंबईत कुणालाही काही सापडणार नाही.

६

मला लाज सोडायची नव्हती आणि पोरही घालवायची नव्हती. दोन्ही जमेल अशी एक वाट मी शोधली. ज्याचं त्याला गुपचूप परत द्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी डबीतून काढली, उबवण्याच्या कपाटातल्या सायलीच्या सगळ्या बाटल्या काढल्या, आणि पंप रिकामाच चालू ठेवून सरांना म्हणाले, "बुरशी लागली. सगळ्या गेल्या." सर वैतागतील असं वाटलं होतं. ते नुसते "असू दे, असू दे" म्हणाले. मला तेव्हा बरंच वाटलं. मी सामान डब्याच्या पिशवीत घालून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

भर दुपार होती. सदाशिव शाळेत, सासूबाई मी आल्यावर पोर माझ्यावर सोपवून शेजारच्या आळीत भजनाला, कोंडाबाई काम आटोपून गेलेली. सायली आत पाळण्यात होती, गार आणि गप्प. मी पहारीने दगड उचकटला. खालची माती भिजलेली आणि कोमट होती. मडकं वरच लागलं. फडकं तसंच होतं, दुर्गा सिस्टरच्या दोन गाठीही तशाच. कुणी उघडलं नव्हतं, ते मी आधी नीट बघून घेतलं.

गाठी सोडल्या.

कापूस आत होता. पण मी जो सांगितला होता तो नव्हता, म्हणजे कोंबलेला गोळा नव्हता. तो मडक्याच्या भिंतीला आतून लागला होता, पातळ, एकपदरी, गुळगुळीत, आणि त्याचा तंतू न् तंतू एकाच दिशेला विंचरलेला होता. मधे पोकळ होतं. रंग मी सांगणार नाही. मी बोट लावलं तर ते ओलं आणि गरम होतं, आणि माझ्या बोटाखाली ते किंचित फुगलं आणि बसलं. खाली तळ दिसायला हवा होता. तळाच्या जागी ती पोकळी निमुळती होऊन आत गेली होती, खालच्या मातीत. किती आत, ते मी बघितलं नाही. आम्ही हसलो होतो त्या दिवशी यात नुसता कापूस होता, एवढंच माझ्या मनात आलं.

मी पट्टी आत सोडली. बाटल्यांतलं सगळं वर ओतलं. काच तळाला लागल्याचा आवाज आला नाही. फडकं बांधलं, दगड सरकवला, चुलीवरचं पाणी आणून तांब्या तांब्याने वर सोडलं, कोंडाबाई सोडते तसं. पाणी कुंपणापर्यंत गेलं नाही. दगडाच्या कडेने आत जिरलं.

आत सायलीने टाहो फोडला. किती तरी दिवसांनी, प्रसूतिगृहात फोडला होता तसा.

मी तिला घेऊन दारात आले तेव्हा सासूबाई परसाच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी ओला दगड बघितला, माझे चिखलाचे हात बघितले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाणी घातलंस?" त्या म्हणाल्या. "तू स्वतः घातलंस?"

त्या माझ्या पाया पडायच्याच बाकी होत्या. मी सायलीच्या मानेत तोंड खुपसलं. तिची बोटं गरम होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि आनंदही होत होता.

७

त्यानंतर सायली बाळसं धरायला लागली. जावळ चारी बाजूंना विस्कटलं. डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, ठोका सरळ आहे, मुंबईला न्यायची आता गरज नाही. मी दगडाला पुन्हा कान लावला नाही. सासूबाईंनी शेजारीपाजारी माझं कौतुक सांगितलं आणि दर वेळी मी चहा टाकायला उठले.

पावसाळा सरता सरता शेठकडे मुंबईचे पाहुणे आले. कारखान्यातल्या मोठ्या खोलीत पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर सामोसे मांडले होते. श्रीकांत सर उभे राहिले, खुशीत होते.

"आमच्या प्रमिलाबाईंना एक गंमत सांगायची राहिली आहे," ते म्हणाले. "त्यांच्या मुलीच्या पेशी आपल्याकडे बुरशीने गेल्या, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण त्या रजेवर असतानाच मी एक बाटली मुंबईला दिली होती. तिथे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवली होती. मागच्या सोमवारी त्यांनी ती वितळवली. सगळ्या जिवंत! आणि पंपावर चढवल्या आहेत."

टाळ्या झाल्या. मागच्या सोमवारपासून सायली पाळण्यात दक्षिणेकडे, मुंबईच्या बाजूला, तोंड करून निजत होती. सासूबाई तिला पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या आणि त्या दिशेचं नाव तोंडाने घेत नव्हत्या.

"आता त्या वाढवून पुण्याला, मद्रासला, दिल्लीला द्यायच्या आहेत," पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या. "परदेशातूनही मागणी आहे. इतक्या चिवट पेशी कुणी बघितल्याच नाहीत. पण तुमच्या आहेत, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय नको म्हटलं. काही हरकत?"

सगळे माझ्याकडे बघून हसत होते. चांगलं हसू होतं ते, प्रेमाचं. मी नको म्हणाले असते तर त्यांनी ते थांबवलं असतं. फक्त त्यांनी विचारलं असतं, का? आणि मला सामोसे मांडलेल्या त्या टेबलापाशी, सरांसमोर, शेठसमोर, इंग्रजीतून बोलणाऱ्या त्या बाईंसमोर उभं राहून मडकं सांगावं लागलं असतं, कापूस सांगावा लागला असता, दगडाला कान लावलेला सांगावा लागला असता. मी तोंड उघडलं. माझे कान लाल झालेले मला जाणवले.

"छे हो," मी म्हणाले. "माझी काय हरकत असणार?"

पुन्हा टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी कामावरून आले तर घरात काही आवाज नव्हता. कोंडाबाई गेलेली होती. सासूबाई परसात होत्या, दगडावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होत्या. पदर खांद्यावरून गळला होता तरी त्यांना भान नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "पाणी घाल ग. तू घाल. तू घातलंस की गुण येतो." मी आत गेले.

पाळणा हलत नव्हता. सायली त्यात उताणी होती, डोळे उघडे, हातपाय अंगाशी धरलेले, आणि ती फिरत होती. घड्याळाच्या काट्यासारखी, दिसेल न दिसेल इतकी सावकाश. डोकं भिंतीकडे गेलं, क्षणभर थांबलं, तिथून खिडकीकडे, तिथून दाराकडे. खालची दुपटी तिच्याबरोबर पिळली जात होती. प्रत्येक दिशेला पोचली की जावळ तिकडे पडायचं आणि पुन्हा उठायचं.

मी तिचं मनगट धरलं. गार होतं. बोटाखाली ठोके होते, पण मला ते मोजता येईनात. एक सावकाश होता, त्यावर एक घाईचा, त्याच्या खाली आणखी एक, आणि तो लंगडा नव्हता, नवा कोरा पंप असावा.

बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, "आलीस का ग? सांग ना, आता काय करू?"

मी सांगायला तोंड उघडलं. मग मान खाली घालून तांब्या शोधायला लागले.